‘पाणी’ : कोशातील आणि भट्टीतील

मराठी कोशकारांनी ‘पाणी’ या शब्दाची केलेली मांडणी लोहाराच्या भट्टीवर ताडून पाहिली असता तीत एक उणीव आढळते. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) व दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) या दोहोंत रत्नाचे तेज, हत्याराचा कस आणि मनुष्याचा मानीपणा हे अर्थ एकाच नोंदीत येतात. अर्थ आहेत, त्यांचे परस्परांशी नाते मात्र स्पष्ट होत नाही. मोत्याची झळाळीच पुढे पात्यावर आणि तेथून माणसावर आली, अशी वाचकाची समजूत सहज होते.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी मुलखात उपयोगी पडणारा कोयता किंवा सुरी घडते कशी, हे पाहिल्यास ही समजूत टिकत नाही. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा लाल करून ऐरणीवर ठोकतात, कानशीने आकार देतात आणि पुन्हा तापवून धारेची बाजू पाण्यात बुडवितात. ती एकदम निवून कठीण, पण ठिसूळ होते. मग पाठीतील उष्णता हळूहळू धारेकडे परतते. घासून उजळलेल्या पोलादावर प्रथम फिकट पिवळा, नंतर तपकिरी, जांभळा व अखेर निळा रंग चढतो. पिवळ्यावर थांबविल्यास धार कडक राहते. निळ्यापर्यंत जाऊ दिल्यास चिवटपणा येतो, पण धार लवकर बोथटते. लाकडावर चालणाऱ्या कोयत्याला आणि मांस कापणाऱ्या सुरीला म्हणूनच एक पाणी चालत नाही. ते जास्त झाले तर पाते तुटते, कमी झाले तर वळते. धारेच्या चाकावर फार तापले तर पाणी उतरते. (लाकडी मूठ बसते ती या सर्वांनंतर, गिऱ्हाईक मात्र आधी मूठच पाहते.)

येथे ‘पाणी’ हे क्रियेवरून गुणाला पडलेले नाव आहे, साम्यावरून नव्हे. मोत्याचे पाणी डोळ्यांना दिसते. पात्याचे वापरल्यावाचून कळत नाही. ‘पाणी जोखणे’ यातील ‘जोखणे’ तराजूचे, म्हणून ते जवाहिऱ्याकडे बोट दाखविते, हा आक्षेप खरा. परंतु प्रतिस्पर्ध्याचे पाणी जोखले जाते ते झुंजीत. ‘पाणीदार’ मनुष्य मोत्यापेक्षा पात्याच्या जवळचा आहे.

दाते-कर्वे यांनी धंद्यांतील शब्द कोशात घेतले, हे त्यांचे मोठेच श्रेय. पण ती दृष्टी अनोळखी शब्दांपुरती राहिली. ओळखीच्या शब्दाला धंद्यात लाभलेला अर्थ अलंकारिक अर्थांच्या रांगेत जाऊन बसला.

हत्यारांच्या नावांतही अशीच गफलत होते. सुरा-सुरी, कोयता-कोयती यांत लिंगभेद आकारभेद दाखवितो. हाच नियम विळा-विळीला लावला की फसगत होते, कारण विळी म्हणजे लहान विळा नव्हे, ती स्वयंपाकघरातील वेगळीच वस्तू. अलीकडची ‘शिकारी सुरी’ ही तर परभाषेची नक्कल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. नाव मात्र बाजारात हौशी गिऱ्हाइकासाठी चालू आहे. रानात जाणाऱ्याच्या कमरेला आकडीत अडकविलेला असतो तो कोयता. त्याने वाट मोकळी होते, फाटा तुटतो, कोंबडीही कापली जाते, आणि त्याला विशेषणाची गरज पडत नाही.