कारागीर शाळेच्या उंबरठ्यावर : वर्धा शिक्षण योजना व राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० यांची तौलनिक चिकित्सा

गोषवारा

हस्तोद्योगास शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणणारी योजना १९३७ साली वर्धा येथे आकारास आली. तिने उद्योगाला शाळेत प्रवेश दिला. मात्र त्या उद्योगावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या कारागिरास शिक्षकाचे स्थान दिले नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने कारागिरास शाळेत निमंत्रण दिले, परंतु त्याचा दर्जा अनिश्चित ठेवला. प्रस्तुत लेखात या दोन दस्तऐवजांतील शिक्षकविषयक भूमिकेची चिकित्सा केली असून, अनुभवी कारागिरास अध्यापनासाठी द्यावयाच्या प्रमाणपत्राचे स्वरूप कसे असावे, याचा विचार मांडला आहे.

बीजसंज्ञा : नई तालीम, वर्धा शिक्षण योजना, कारागीर, अध्यापक पात्रता, कौशल्य प्रमाणन, व्यवसाय शिक्षण.

प्रस्तावना

वर्धा जिल्हा हा भारतीय शिक्षणविचारात श्रमाची प्रतिष्ठा मांडणारा जिल्हा म्हणून ओळखला जातो. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम आणि शिक्षकांचे वेतन त्या उत्पादनातून क्रमाक्रमाने निघावे ही अपेक्षा, असे चार ठराव तेथे संमत झाले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी आपला अहवाल सादर केला. पुढे १९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघाची स्थापना झाली आणि सेवाग्राम हे नई तालीमचे केंद्र बनले.

या योजनेवर आजवर विपुल लेखन झाले आहे. स्वावलंबनाचे तत्त्व, समवाय पद्धती आणि बालश्रमाविषयीचा आक्षेप हे त्या चर्चेचे मुख्य विषय राहिले. एक साधा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला : सुतारकाम शाळेत आले, तर ते शिकविणार कोण? सुतार, की सुतारकाम शिकून आलेला शिक्षक? हा प्रश्न वरकरणी प्रशासकीय वाटतो. प्रत्यक्षात ज्ञान कोणाजवळ असते व ते देण्याचा अधिकार कोणास असतो, या मूलभूत वादाशी तो निगडित आहे.

पूर्वसूत्र : महात्मा फुले यांचे निवेदन

या प्रश्नाची मांडणी महाराष्ट्रात १९३७ पूर्वीच झालेली आढळते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडावेत, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरण्यास त्यांना लाज वाटू नये, अशी मागणी केली होती. फुले यांच्या दृष्टीने शिक्षकाचा सामाजिक उगम आणि त्याचा श्रमाशी असलेला संबंध या अध्यापनाच्या गुणवत्तेशी जोडलेल्या बाबी होत्या. शिक्षकाने श्रमाची कामे शिकून घ्यावीत, एवढ्यावर ते थांबत नाहीत. श्रम करणाऱ्या समाजातून शिक्षक यावा असे ते सांगतात. वर्धा योजनेचे मूल्यमापन करताना ही कसोटी हाताशी ठेवणे अगत्याचे आहे.

वर्धा योजनेतील शिक्षकाची संकल्पना

झाकीर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शालेय दिवसातील ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास दिली. मातृभाषेस ४० मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित यांस मिळून ४० मिनिटे, तर समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांस ३० मिनिटे एवढाच वेळ होता. सूतकताई व विणकाम, सुतारकाम, शेती, फळे व भाजीपाल्याची बागाईत, चामड्याचे काम असे उद्योग सुचविले गेले. वेळापत्रकाच्या अंगाने पाहता भारतीय शिक्षणाच्या इतिहासात हस्तोद्योगास इतके मोठे स्थान क्वचितच मिळाले असेल.

शिक्षक प्रशिक्षणाच्या प्रकरणात मात्र वेगळे चित्र दिसते. प्रशिक्षणास प्रवेश घेणाऱ्या उमेदवाराने राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत मॅट्रिकपर्यंत अध्ययन केलेले असावे, किंवा व्हर्नाक्युलर फायनल अथवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण होऊन किमान दोन वर्षे अध्यापन केलेले असावे, अशी अट घालण्यात आली. या अटीत कारागिरीचा अनुभव हा निकष नाही. वीस वर्षे माग चालविणारा विणकर व्हर्नाक्युलर फायनलची पायरी चढलेला नसेल, तर विणकाम केंद्रस्थानी असलेल्या शाळेत शिक्षक होण्याचा मार्ग त्याला बंद होता. ज्याने मागाला कधी हात लावलेला नाही असा मॅट्रिकपर्यंत शिकलेला तरुण मात्र तीन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर विणकाम शिकविण्यास पात्र ठरत होता.

याची कारणे समितीच्या तात्त्विक भूमिकेत सापडतात. मूलोद्योगाचा हेतू यांत्रिकपणे धंदा करणारे कारागीर घडविणे हा नसून उद्योगात दडलेल्या शैक्षणिक शक्यतांचा उपयोग करून घेणे हा आहे, असे अहवाल आग्रहाने प्रतिपादन करतो. आर्थिक अंगावर अवाजवी भर पडल्यास शैक्षणिक हेतू मागे पडण्याचा धोकाही तो नमूद करतो. शिवाय समवाय पद्धतीत एकाच शिक्षकाने उद्योगातून भाषा, गणित व विज्ञान उलगडून दाखविणे अपेक्षित होते. उद्योगासाठी स्वतंत्र निदेशक नेमला असता, तर पुस्तकी शिक्षक व हातकामाचा शिक्षक ही जुनीच विभागणी शाळेत परत आली असती. ही भूमिका सुसंगत आहे, हे मान्य करावे लागते.

तथापि या भूमिकेत एक गृहीतक अंतर्भूत आहे. कारागिराचे काम 'यांत्रिक' आणि सुशिक्षित शिक्षकाने आत्मसात केलेले तेच काम 'शास्त्रीय', अशी ही प्रतवारी आहे. समितीत विनोबांसारखे सूतकताईत निष्णात असलेले आणि कुमारप्पांसारखे ग्रामोद्योगांचे गाढे अभ्यासक सदस्य होते. परंतु पिढीजात उद्योगावर उपजीविका करणारा कारागीर त्या समितीत नव्हता. त्यामुळे या गृहीतकाची तपासणी करणारे कोणी तेथे उरले नाही.

'यांत्रिक' कामातील ज्ञान

बैलगाडीच्या चाकाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. चाकाचा तुंबा, त्यात बसविलेले आरे आणि आऱ्यांना जोडून परिघ पूर्ण करणारे लाकडाचे वक्र तुकडे ही सुताराची कामगिरी. त्यावर लोखंडी धाव चढविणे हे लोहाराचे काम. धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित आखूड ठेवली जाते. विस्तवात लाल होईपर्यंत तापवून ती चाकावर बसवितात आणि पाणी ओतून थंड करतात. आकुंचन पावणारी धाव सगळे सांधे आवळून धरते. ती किती आखूड ठेवावी हा निर्णय लाकडाचा सुकेपणा, लोखंडाची जाडी व चाकाचा घेर पाहून घ्यावा लागतो. जास्त आखूड ठेवल्यास आरे वाकतात. कमी ठेवल्यास उन्हाळ्यात धाव निसटते.

येथे परिघ व व्यास यांचे नाते आहे, उष्णतेने होणारे प्रसरण आहे, लाकडातील ओलाव्याचा विचार आहे आणि चुकीची किंमत चुकवून आलेला विवेकही आहे. हे ज्ञान सूत्ररूपात लिहिलेले नाही, म्हणून ते यांत्रिक ठरत नाही. त्याला शब्द देण्याची सवय कारागिरास नसते, एवढेच खरे. शब्द देण्याचे कसब शिकविता येते. पण हातातील वीस वर्षांचा विवेक अल्पकालीन प्रशिक्षणाने शिक्षकाच्या हाती येत नाही. वर्धा योजनेने या दोहोंतील सोपी गोष्ट कारागिरास शिकविण्याऐवजी अवघड गोष्ट शिक्षकास शिकविण्याचा मार्ग पत्करला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुरस्कारिलेला 'कार्यानुभव' अनेक शाळांत कागदकाम व शोभेच्या वस्तूंपुरता उरला, यामागे कुशल हातांची शाळेतील अनुपस्थिती हेही एक कारण मानावे लागेल.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० : निमंत्रण आणि मर्यादा

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने या बाबतीत दिशा बदलली. इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यात दप्तराविना दहा दिवस विद्यार्थ्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या सान्निध्यात शिकावे, असे धोरण सांगते. स्थानिक व्यवसायांतील जाणकारांना 'मास्टर इन्स्ट्रक्टर' म्हणून शाळेत अथवा शाळासमूहात नेमता यावे, यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांसारख्या ठिकाणी अल्पकालीन अध्यापक शिक्षणाचीही त्यात तरतूद आहे. 'लोकविद्या' ही संज्ञा धोरणात मानाने अवतरते. कारागिराजवळ ज्ञान आहे याची ही शासकीय कबुली होय, आणि तिचे स्वागत केले पाहिजे.

परंतु निमंत्रण आणि स्थान या दोन भिन्न गोष्टी आहेत. दहा दिवसांत मूल रंधा पाहील, कदाचित चालवूनही पाहील. त्याचा हात मात्र बसणार नाही. 'मास्टर इन्स्ट्रक्टर' या पदाचे वेतन, कार्यकाल व मूल्यमापनातील अधिकार यांविषयी धोरण मौन पाळते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळांत, शंभरांहून अधिक विद्यार्थी असल्यास, कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. म्हणजे कायद्यात जागा आहे. ती अंशकालीन आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिल्प निदेशक होण्याची सुस्थिर वाट आहे. पण तिची पहिली पायरी औपचारिक प्रमाणपत्र, पदविका किंवा पदवी हीच आहे.

येथे उच्च शिक्षणाशी तुलना उद्‌बोधक ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. किमान पंधरा वर्षांचा अनुभव व सिद्ध झालेले नैपुण्य असेल, तर औपचारिक शैक्षणिक पात्रता अत्यावश्यक नाही, असे त्यांत म्हटले आहे. अनुभव हा पदवीस पर्याय ठरू शकतो, हे तत्त्व महाविद्यालयाच्या दारी मान्य झाले. अनुभव वरिष्ठ पदावरचा असल्यास त्यास प्राधान्य आहे. हेच तत्त्व माध्यमिक शाळेच्या दारी सुतारासाठी का लागू होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

प्रमाणपत्र : कशासाठी?

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार यांसह १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. नोंदणीनंतर कारागिरास प्रमाणपत्र व ओळखपत्र, पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व सवलतीचे कर्ज मिळते. या योजनेच्या वर्षपूर्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्धा येथेच झाला. गुरु-शिष्य परंपरेचे संवर्धन हा योजनेच्या घोषित हेतूंचा भाग आहे. तरीही ते प्रमाणपत्र कर्जाकडे व बाजाराकडे नेते. शाळेकडे नेत नाही. ज्या गावी उद्योगकेंद्री शिक्षणाची घोषणा झाली, त्याच गावी ८७ वर्षांनी कारागिरास सन्मानपत्र मिळाले आणि ते दाखवून जिल्ह्यातील एकाही शाळेत शिकविण्याचा हक्क त्यास प्राप्त होत नाही, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

अध्यापनाचे प्रमाणपत्र यापेक्षा वेगळे असावे लागेल. जर्मनीतील 'माइस्टर' परीक्षेची रचना या दृष्टीने अभ्यासनीय आहे. तिचे चार भाग असतात : प्रात्यक्षिक, व्यवसायाचे सिद्धान्त, अर्थव्यवहार व कायदा, आणि अध्यापनशास्त्र. कसबाची परीक्षा व शिकविण्याची परीक्षा तेथे वेगवेगळी होते. एकीच्या अभावी दुसरी व्यर्थ मानली जाते. महाराष्ट्रातही अनुकरणीय उदाहरण आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ (जि. पुणे) येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने गावातील कुशल व्यक्तींना निदेशक करून, गावाला उपयोगी पडणाऱ्या प्रत्यक्ष कामांतून विद्यार्थ्यांना शिकविण्याची पद्धती रुजविली.

या आधारे तीन सूत्रे मांडता येतील. पहिले, कसबाची परीक्षा कारागिराच्या कामाच्या जागी, पूर्ण केलेल्या वस्तूवरून व मराठीतील तोंडी प्रश्नोत्तरांतून व्हावी. शालेय इयत्तेची अट तीत नसावी. दुसरे, अध्यापनाची तयारी विषयशिक्षकाच्या जोडीने व्हावी. कारागिराने कृतीचे टप्पे पाडण्यास, कारण सांगण्यास व मुलांच्या सुरक्षिततेची काळजी घेण्यास शिकावे. शिक्षकाने त्याच कृतीतील गणित व विज्ञान वर्गात पुढे न्यावे. समवायाचे तत्त्व एका व्यक्तीऐवजी एका जोडीकडे सोपविल्यास वर्धा योजनेतील मूळ अडचण बऱ्याच अंशी सुटते. तिसरे, प्रमाणपत्रधारकास वर्षभराच्या वेळापत्रकात जागा, बुडालेल्या रोजापेक्षा कमी नसलेले मानधन व गुणदानाचा अधिकार मिळावा.

आक्षेपांचा विचार

या मांडणीवर तीन आक्षेप संभवतात. उत्तम कारागीर उत्तम शिक्षक असतोच असे नाही, हा पहिला. तो रास्त आहे, आणि म्हणूनच प्रमाणपत्राची गरज आहे. तो वगळणुकीचा आधार होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुताराने सुतारकाम व चर्मकाराने चर्मकाम शिकवावे, असा संकेत रूढ झाल्यास बलुतेदारी शाळेत प्रतिष्ठित होण्याचा धोका आहे. यावर उपाय विद्यार्थ्यांच्या बाजूने करावा लागेल : कोणतेही कौशल्य मुलांना जात वा लिंग पाहून वाटून देऊ नये, सर्व मुला-मुलींनी सर्व उद्योग करावेत. वरिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतील मूल चर्मकारास 'गुरुजी' म्हणून त्याच्याकडून टाके घालण्यास शिकते, तेव्हा जातीची उतरंड बळकट न होता हलते. मात्र कारागिरास गुरुजींचा दर्जा व वेतन न देता केवळ पाहुणा म्हणून बोलाविल्यास हा आक्षेप खरा ठरेल.

तिसरा आक्षेप अध्यापक महाविद्यालयांशी थेट संबंधित आहे. डी.एड., बी.एड. झालेले तरुण नियुक्तीची वाट पाहत असताना पदवीविना निदेशक नेमणे, हा शिक्षकांच्या जागा स्वस्तात भरण्याचा मार्ग होऊ शकतो. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. कारागीर-निदेशक हे विषयशिक्षकाच्या मंजूर पदाव्यतिरिक्तचे पद असावे, त्यास पर्यायी नव्हे, हे नियमातच नमूद होणे आवश्यक आहे.

समारोप

वर्धा योजनेने हाताच्या कामास शिक्षणाचे माध्यम मानले, हे तिचे ऐतिहासिक श्रेय निर्विवाद आहे. परंतु कामाची प्रतिष्ठा व काम करणाऱ्याची प्रतिष्ठा यांत तिने अंतर राहू दिले. २०२० च्या धोरणाने ते अंतर ओळखले, पण ते ओलांडण्यासाठी दहा दिवसांची व अल्पकालीन प्रशिक्षणाची अपुरी शिडी लावली. वर्धा जिल्ह्यात या प्रयोगाची सामग्री आजही उपलब्ध आहे. सेवाग्राममध्ये २००५ पासून पुन्हा सुरू झालेले आनंद निकेतन विद्यालय, मगनवाडीतील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, दत्तपूरचे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आणि जिल्ह्यातील अध्यापक महाविद्यालये यांनी एकत्र येऊन कारागीर-निदेशकांची पहिली तुकडी घडविल्यास, १९३७ साली अपूर्ण राहिलेल्या विचारास पूर्णत्व येण्याची शक्यता आहे. नांगराची मूठ धरणारा शिक्षक मिळावा, ही फुले यांची मागणी १८८२ पासून शिल्लक आहे. तिला उत्तर देण्याचे दायित्व शिक्षक घडविणाऱ्या संस्थांकडे येते.