थांबलेली पावले

भयानक रसाच्या विभावांत भरताने विकृत आवाज, पिशाचादिकांचे दर्शन, अरण्य, शून्यगृह यांची गणना केली आहे. जॅक टूर्नर यांच्या ‘कॅट पीपल’ (१९४२) या अमेरिकन बोलपटात मात्र भय उत्पन्न होते ते आवाज थांबल्यामुळे. मत्सर अनावर झाला की आपण बिबळ्याचे रूप घेऊ, असे मानणारी इरीना रात्री ॲलिसच्या मागे निघाली आहे. पार्श्वसंगीत नाही, टाचांचा टकटक आवाज तेवढा. दोघींच्या पावलांची लय कानांत बसते न बसते तोच मागची पावले थांबतात. ॲलिस वळून पाहते. रस्ता रिकामा! ती धावू लागते, आणि हिंस्र फूत्कार करीत पडद्यावर शिरते ती एक साधी बस.

पुढील भयपटांनी ही बस तेवढी उचलली. परंतु दचकणे हा देहाचा धर्म आहे. तो कोणत्याही ढोलाने साधेल. टूर्नर आणि संकलक मार्क रॉब्सन यांचे खरे सामर्थ्य, माझ्या मते, त्या आधीच्या निःशब्द क्षणांत आहे. तेथे काय घडले हे पडदा सांगत नाही. ते प्रेक्षकाने कल्पावयाचे असते. म्हणूनच पुढे कचेरीच्या प्रसंगात काळा बिबळ्या प्रत्यक्ष दिसतो, तेव्हा भय उलट ओसरते. समोर उरते ते केवळ एक जनावर.