कुलवृत्तांतात कोण नसतं?

साहित्यविषयक व्याख्यानमालेत कुलवृत्तांत कशासाठी, असा प्रश्न मला इथे यायच्या आधीच विचारला गेला. उत्तर सोपं आहे. मराठीत हा पुस्तकप्रकार शंभरएक वर्षं चालू आहे, जाडजूड आहे, आजही त्याच्या नव्या आवृत्त्या आणि पुरवण्या निघतात, आणि त्याची समीक्षा मात्र कोणी करत नाही. कारण वाचणारे सगळे घरचेच. कुलसंमेलनात प्रत हातात पडली की माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो. नाव बरोबर छापलं असेल तर ग्रंथ उत्तम, चुकलं असेल तर संपादकमंडळ नालायक. (हशा) तिथे समीक्षा संपते.

ज्यांनी कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवातीला गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, आडनावाची व्युत्पत्ती. मग मूळपुरुष. त्याच्यापासून शाखा, शाखांमधून घराणी, आणि त्यांचे घडीचे तक्ते, जे दुसऱ्यांदा उघडताना फाटतात. त्यानंतर एकेका माणसाची चार-पाच ओळींची नोंद: जन्म, शिक्षण, नोकरी, पत्नी, तिचं माहेर, मुलं.

या प्रकाराचं खरं सोनं त्या चार ओळींत आहे. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी चित्पावनांच्या कुलवृत्तांतांवर एक निबंध लिहिला, तो १९६८ साली प्रसिद्ध झाला. समाज कसा बदलला हे शोधायला ही घरगुती पुस्तकं साधन म्हणून वापरता येतात, हे त्यांनी दाखवलं. आपण जे पुस्तक लग्नाच्या अल्बमशेजारी ठेवतो, ते त्यांनी अभ्यासाच्या टेबलावर ठेवलं. तुम्हीही तसं वाचून बघा. आजोबा भिक्षुकी करणारे, मुलगा मामलेदार कचेरीत कारकून, नातू इंदूरला मास्तर, पणतू रेल्वेत. एका पानावर चार पिढ्यांचं स्थलांतर सापडतं. 'प्रथम पत्नी', 'द्वितीय पत्नी', 'तृतीय पत्नी' अशा ओळी एकाखाली एक येतात, तेव्हा बाळंतपणात बायका किती मरत होत्या हे वेगळं सांगावं लागत नाही. मृत्यूचं साल १८९७ किंवा १९१८ असेल तर प्लेग आणि इन्फ्लुएंझा आठवतात. लिहिणाऱ्याला यातलं काही सांगायचं नसतं. त्याला घराण्याचा मोठेपणा सांगायचा असतो. पण नोंद प्रामाणिक असली की ती लिहिणाऱ्यापेक्षा जास्त बोलते.

आता तक्त्याकडे या. माझी तक्रार तिथे सुरू होते. नोंदीत ज्या बायका आणि मुली होत्या, त्या तक्त्यात दिसत नाहीत. रेघ बापाकडून मुलाकडे जाते. आणि ज्याला चार मुली झाल्या, पण मुलगा नाही, त्याच्या नावाखाली 'निर्वंश' लिहून रेघ संपते. त्या चार मुलींची नातवंडं कदाचित आज या सभागृहात बसली असतील. कागदावर ती या माणसाची कोणीच नाहीत.

यावर 'परंपराच तशी आहे' असं उत्तर मिळतं. ते मला मान्य नाही, कारण परंपरेला स्वतःला याहून जास्त नावं लागतात. महालयाचं श्राद्ध आठवा. वडील, आजोबा, पणजोबा झाले की आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावी लागतात, आणि पुढे आईचे वडील, आजोबा, पणजोबा. गुरुजी नाव विचारतात आणि घरातले पुरुष एकमेकांकडे बघतात. नाव सांगते ती आतल्या खोलीतली म्हातारी काकू. म्हणजे विधीला मातृकुल लागतं, स्मृती बाईकडे असते, आणि छापील वृक्षात दोन्हींना जागा नाही. हा परंपरेचा दोष कमी आणि तक्ता आखणाऱ्याचा जास्त.

तलाठ्याचं दप्तरही इथे कुलवृत्तांताच्या पुढे आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बाप गेल्यावरच्या वारसनोंदीत मुलींची नावं यावी लागतात. पुष्कळदा पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्रानं ती कमी होतात, ती वेगळी रडकथा. पण 'मुलगी होती, तिचं नाव अमुक, ती अमुक गावी दिली' एवढं फेरफारात राहतं. घराण्याच्या अभिमानानं काढलेल्या ग्रंथात ते राहत नाही.

दुसरी तक्रार तक्त्याच्या वरच्या टोकाची. मूळपुरुष जितका लांबचा, तितका तो पराक्रमी असतो. पाच पिढ्यांपर्यंत शाळामास्तर आणि कुळकर्णी, आणि सहाव्या पिढीत एकदम 'पानिपतात पडले'. इतक्या घराण्यांचे पूर्वज पानिपतात पडले आहेत की भाऊसाहेबांना सैन्याची चणचण कशी भासली याचं नवल वाटतं. (हशा) असेलही कोणाचे खरोखर पडलेले. पण ओळीखाली आधार हवा. पत्र आहे का, सनद आहे का, की फक्त ऐकलं आहे? ऐकलेलंही लिहावं, माझी हरकत नाही. 'आजीने सांगितले' हासुद्धा आधारच आहे, फक्त तो तसा लिहिला पाहिजे. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला, तो याच पानिपतापर्यंतच्या पत्रांचा. अस्सल कागद समोर ठेवण्याचा धडा मराठीला तेव्हापासून मिळालेला आहे. आपल्या घरच्या इतिहासापाशी येताना आपण तो दाराबाहेर चपलांजवळ ठेवतो.

तारखेचंच बघा. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढं सगळ्यांना पाठ असतं. मिळवा. १७६० येतं. लढाई १४ जानेवारी १७६१ची. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, जानेवारी उलटल्यावर, ७९ मिळवावे लागतात. पेशवाईतल्या कागदावर तर शुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला. पानिपतचं शुहूर साल ११६१, तिथे मिळवायचे ६००. तेच साल मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणून त्याच सालातल्या आधीच्या महिन्यांना ५९९. असा एकेका वर्षाचा घोटाळा झाला की बापाच्या आधी मुलगा जन्मतो, आणि तसे तक्ते छापले गेले आहेत. म्हणून मूळ तिथी आणि मूळ सन जसा आहे तसा लिहायचा, रूपांतर त्याच्या शेजारी.

हे सगळं हौशी लोकांचं किरकोळ दुखणं वाटेल. पण गेल्या काही वर्षांत वंशावळ कपाटातून उठून तहसील कचेरीत गेली आहे. सप्टेंबर २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि गावोगाव मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. त्याआधीही जात पडताळणीसाठी अर्जदाराला शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागतच होती. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख, म्हणून त्याच्या आधीचा कागद शोधायचा. कोणाकडे कुलवृत्तांत असतो? ज्यांच्या घरात चार पिढ्या लेखणी होती त्यांच्याकडे. ज्या मुलीचा प्रवेश अडला आहे तिच्या घरी पणजोबाचं नुसतं नाव माहीत असतं, तेही हाक मारायचं. शाळेच्या दाखल्यावर 'गोविंदा', गाव नमुना चौदाच्या जन्म-मृत्यू नोंदीत 'गोंद्या', सातबाऱ्यावर 'गोविंद रामजी'. ही तिन्ही नावं एकाच माणसाची हे तिला सिद्ध करायचं असतं. मूळपुरुषाच्या पराक्रमाचा तिला काही उपयोग नाही. तिला एक जोड हवी असते, एका पिढीची, आधारासकट.

दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक शेतकरी घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावावार वह्या आहेत, त्यात यात्रेला आलेल्या पूर्वजाची नोंद मिळते, कधी त्याच्याच हस्ताक्षरात. छापील ग्रंथापेक्षा हे साधन जास्त लोकांचं आहे. तिथे गेलात तर पूर्ण पानाचा फोटो घ्या, फक्त आपल्या ओळीचा नको. शेजारच्या ओळीत चुलतभाऊ असतो.

मग करायचं कसं? स्वतःपासून सुरू करा आणि मागे जा. मूळपुरुषापासून खाली येऊ नका. प्रत्येक रेघेला विचारा, हा याचा मुलगा हे मला कशावरून कळलं, आणि ते तिथेच लिहा. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे 'रामजी बिन गोविंदजी' आणि दोन पिढ्यांनंतरचा 'रामजी बिन गोविंदजी' बेमालूम एक होतात. जमिनीचा गट किंवा बायकोचं नाव जुळल्याशिवाय त्यांना एक करू नका. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, म्हणून आधी अक्षरशः लिप्यंतर आणि मग तुमचं वाचन, असं दोन्ही ठेवा. बाईचं नाव माहेरचं आणि सासरचं दोन्ही घ्या. लग्नात बदललेल्या नावानं किती बायका कायमच्या हरवल्या आहेत. दत्तक गेलेला मुलगा दोन्ही घरांत दाखवा. हयात माणसांच्या जन्मतारखा मात्र छापू नका, हल्ली त्या बँकेलाही लागतात. आणि जिथे नाव मिळालं नाही तिथे चौकट काढून रिकामी सोडा. चार मुलींच्या बापाखाली 'निर्वंश' लिहायच्या जागी चार रिकाम्या चौकटी काढल्यात, तर त्यातली एखादी भरायला कोणीतरी नक्की येईल. बहुधा दुसऱ्याच आडनावाचं.

वेळ झाली, घंटा वाजली आहे. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरू करू.