कोणाचा आवाज वाचतो? : ‘स्टॉर्म वॉर्निंग’, आर १०१ आणि पानिपत

काळप्रवासाच्या कथांमध्ये नाश पावणाऱ्या नौकेला एक खास स्थान आहे. नौका बुडणार हे वाचकाला ठाऊक असते, काळप्रवाशालाही ठाऊक असते; ठाऊक नसते ते केवळ नौकेवरच्या माणसांना. जाणिवेतील हे अंतर शोकात्मिकेइतकेच जुने आहे. विज्ञानसाहित्याने त्यात भर घातली ती एका प्रश्नाची : ज्याला अंत माहीत आहे, त्याने हस्तक्षेप करावा काय? आणि केलाच, तर कोणासाठी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अ‍ॅलन बार्न्स लिखित ‘स्टॉर्म वॉर्निंग’ या इंग्रजी श्राव्यनाट्याच्या आधारे केला आहे. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेवर आधारित श्राव्यनाट्ये काढणाऱ्या बिग फिनिश या संस्थेने हे चार भागांचे नाट्य जानेवारी २००१ मध्ये ध्वनितबकडीवर आणले. दिग्दर्शन गॅरी रसेल यांचे असून आठव्या डॉक्टरची भूमिका पॉल मॅकगॅन यांनी केली आहे. २००५ मध्ये ते बीबीसी ७ या नभोवाणी वाहिनीवरूनही प्रसारित झाले.

भारतीय अभ्यासकाने या नाट्याकडे वळण्याचे कारण त्यातील नौकेच्या प्रवासाच्या दिशेत आहे. आर १०१ ही प्रत्यक्षात अस्तित्वात असलेली वायुनौका होती. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी ती इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथून निघाली. इजिप्तमधील इस्माइलिया येथे थांबून तिला कराचीस पोहोचायचे होते. वाऱ्यापावसात ती फ्रान्समधील बोव्हे गावानजीक कोसळली आणि हायड्रोजनने भरलेली ती प्रचंड काया ५ ऑक्टोबरच्या पहाटे जळून गेली. चोपन्न जणांपैकी अठ्ठेचाळीस दगावले. मृतांमध्ये हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन हेही होते. लंडनमध्ये साम्राज्य परिषद भरली होती. भारताची वारी करून तिच्या समाप्तीपूर्वी परतण्याची त्यांना घाई होती. पूर्ण वेगाची चाचणी व्हायची राहिली असतानाच नौका निघाली, तिच्यामागे ही घाई होती.

कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा झाला तो १९३६ मध्ये. म्हणजे ही नौका मराठी माणसांच्याही प्रशासकीय भूगोलात उतरणार होती. तिच्यासाठी कराचीला उभारलेली अजस्र शेड तिच्या नाशानंतर कित्येक दशके उभी राहिली. स्थानिक लोक तिला ‘काळा छपरा’ म्हणत. जी नौका कधी आलीच नाही, तिचे हे घर.

नाट्यात यातील काय उरते? डॉक्टर आपल्या काळयानातून या नौकेवर येऊन पडतो. तेथे त्याला चार्ली पोलार्ड भेटते. ही अठरा वर्षांची, सुखवस्तू घरातील, साहसाच्या ओढीने पळालेली मुलगी नोकराच्या वेषात नौकेवर लपली आहे. टायटॅनिक हिमनगावर आदळले तो दिवस हाच तिचा जन्मदिवस असल्याचे बार्न्स सांगतात. ही योजना थोडी उघड वाटते, पण एका बुडत्या नौकेपासून दुसरीपर्यंत जाणारे आयुष्य तिच्यामुळे श्रोत्याच्या मनात कायम राहते. सिंगापूरला पोहोचण्याचे तिचे स्वप्न आहे. नौकेवर एक परग्रहवासीही दडवून ठेवलेला आहे. त्याला त्याच्या लोकांच्या स्वाधीन करणे हेच या प्रवासाचे गुप्त प्रयोजन आहे. मंत्री येथे लॉर्ड टॅमवर्थ या कल्पित नावाने वावरतो.

माध्यमाचा विचार केल्यावाचून या नाट्याचे मूल्यमापन होऊ शकत नाही. सुरुवातीलाच डॉक्टर एकटा आहे आणि म्हणून तो स्वतःशीच बोलतो, दिसणाऱ्या गोष्टींचे वर्णन करतो. श्रोत्याला डोळे नसल्याची भरपाई पात्राच्या बडबडीने करणे ही नभोनाट्याची जुनी दुर्बलता होय. मराठी श्रोत्याला याहून कुशल वाट माहीत आहे. आकाशवाणी मुंबईच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी या तीन आवाजांतून घर उभे राहत असे, भिंतीचे वर्णन कोणी करीत नसे. ‘स्टॉर्म वॉर्निंग’लाही ही वाट सापडते, पण चार्ली आल्यानंतर. दोघांच्या संवादाची लय जमते तशी वर्णनाची गरज संपते, आणि इंजिनांची घरघर व वाऱ्याचा आवाज एवढ्यावर नौका उभी राहते.

परंतु याच बलस्थानात एक पेच दडलेला आहे. श्राव्य माध्यमात ज्याला आवाज आहे तोच अस्तित्वात असतो. रंगमंचावर मूक उभा असलेला नोकर प्रेक्षकाला निदान दिसत राहतो. नभोनाट्यातला मूक माणूस मात्र मुळी नसतोच. म्हणून ‘कोणाला वाचवावे’ या प्रश्नाचे उत्तर येथे बऱ्याच अंशी संहिता आवाजांची वाटणी करते तेव्हाच दिले गेलेले असते. शेवटी कोण वाचते ते पाहावे. टॅमवर्थ परग्रहवासीयांबरोबर त्यांचा नवा न्यायदाता म्हणून मागे राहतो आणि चार्लीला डॉक्टर सोबत नेतो. मंत्री आणि उच्चकुलीन कन्या.

वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट होती. त्या पहाटे जिवंत राहिलेले सहाही जण नौकेचे कर्मचारी होते : हॅरी लीच हा मुकादम, बिंक्स, बेल, सॅव्हरी आणि कुक हे इंजिनांवर काम करणारे, आणि आर्थर डिझ्ली हा बिनतारी संदेशयंत्रणा सांभाळणारा. इंजिनांच्या खोल्या नौकेच्या मुख्य देहाबाहेर टांगलेल्या असत, त्यामुळे चौघांना निसटता आले. आरामकक्षात झोपलेल्या बड्या प्रवाशांपैकी एकही वाचला नाही. या सहांपैकी कोणीही नाट्यातील ठळक पात्र नाही. आवाजाच्या माध्यमात लिहिताना बिनतारी यंत्रावरचा माणूस लेखकाला दिसू नये, याचे आश्चर्य वाटते. इतिहासाची दखल घेतलेली नाही हा येथे आक्षेप नाही. कल्पितकथेला ती मुभा आहे. परंतु इतिहासाने स्वतःहून जो उलटफेर केला होता, तो कल्पिताने पुन्हा सरळ करून वर्गव्यवस्थेच्या हाती दिला, हे नोंदवायलाच हवे.

भारताबाबत असेच घडते. नाट्यात एकही भारतीय आवाज नाही आणि कराची ही त्याची घटनाभूमी कधीच होत नाही. गुप्त प्रयोजनामुळे भारताकडचा प्रवास निव्वळ बहाणा ठरतो. खरे तर १९३० हे मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष. साम्राज्याची टोके हवेतून जवळ आणण्याचा खटाटोप आणि तीच टोके जमिनीवरून सुटत जाणे या दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. अपघाताच्या चौकशीचे प्रमुखपद सर जॉन सायमन यांच्याकडे गेले, ज्यांना दोनच वर्षांपूर्वी आपल्याकडे काळी निशाणे दाखवून परत जाण्यास सांगितले गेले होते. इतिहासाने एवढे साहित्य पुढ्यात ठेवले असताना नाटककाराला परग्रहावर जाण्याची गरज का भासली असावी?

याच प्रश्नाची मराठी मांडणी दिल्लीपासून शंभर किलोमीटरच्या आत सापडते, पानिपतावर. १४ जानेवारी १७६१ ही मराठी मनाची बुडती नौका होय. अंत ठाऊक असूनही बखरीपासून कादंबरीपर्यंत आपण तीवर पुन्हा पुन्हा चढतो. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातासरशी अशा जगात जातात, जेथे विश्वासरावांना गोळी चाटून गेली, ते वाचले आणि मराठे जिंकले. कथेचा ‘द अ‍ॅडव्हेंचर’ हा इंग्रजी अवतार एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातून देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला आहे.

दोन्ही कृतींची तुलना येथे फलदायी ठरते. बार्न्स यांच्या नाट्यात एक मुलगी वाचते आणि इतिहास फाटतो. नारळीकरांच्या कथेत एक मुलगा, पेशव्यांचा, वाचतो आणि इतिहास सावरतो. पण गंगाधरपंत त्या विजयी मुंबईत आपल्या मुलाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करतात, तेव्हा या नावाचे येथे कोणी नाही असे उत्तर मिळते. नारळीकर या प्रसंगावर रेंगाळत नाहीत. त्यांचा कल पुंजयांत्रिकीच्या स्पष्टीकरणाकडे आहे, आणि कथेचे तर्कशास्त्र तिच्या भावनेपेक्षा भक्कम आहे. तरी माझ्या मते कथेतील सर्वांत थंड क्षण तोच. राष्ट्राचा पराभव पुसला की त्या पराभवातून जन्मलेली माणसेही पुसली जातात. आपल्या पानिपतविषयक हळहळीत ही बाजू क्वचितच विचारात घेतली जाते.

फरक आणखी एक आहे. गंगाधरपंतांना निवड करावी लागत नाही. ते साक्षी आहेत. डॉक्टरला निवड करावी लागते. नौका पडणार, तीवरचे बाकीचे मरणार हे तो मान्य करतो आणि एकीला उचलतो. इतिहासाप्रमाणे तिने त्या रात्री मरायला हवे होते, हे नाट्याच्या अखेरीस त्याच्या लक्षात येते. या अपराधाचे परिणाम पुढील नाट्यांतून साचत जातात. २००२ मधील ‘नेव्हरलँड’मध्ये काळाला पडलेली फट बुजावी म्हणून चार्ली स्वतः मरण मागते. डॉक्टर नकार देतो, आणि त्या नकाराची किंमत २००३ मधील ‘झॅग्रियस’मध्ये त्याला स्वतःच्या देहाने व बुद्धीने मोजावी लागते. एका माणसाचे वाचणे एवढे महाग असू शकते, हे तीन वर्षांच्या कथनातून आवाजाच्या बळावर उभे करणे ही या मालिकेची मोठी कमाई आहे. मात्र वाचविण्याच्या किंमतीचा हा सारा हिशेब चार्लीच्या एकटीच्या नावावर आहे. त्या रात्री इंजिनांजवळ जागी असलेली माणसे त्यात शेवटपर्यंत येत नाहीत.