काठावरची माणसं

माझ्या जलपरीच्या शेपटीचं वजन अठरा किलो आहे. ती घालून चालता येत नाही. टँकच्या काठावर बसून ती पायांवर चढवायची आणि घसरत पाण्यात शिरायचं. सिलिकॉन पाण्यापेक्षा किंचितच जड असतं, त्यामुळे आत गेल्यावर ते अठरा किलो जवळजवळ नाहीसे होतात.

नाशिकमधल्या आमच्या घराच्या गच्चीवर आठ महिन्यांचे शनिवार-रविवार त्यात गेले. पहिला प्रयत्न फुकट गेला तो माझ्याच घाईने. खवले कोरायला घेतलेल्या मातीत गंधक होतं, ते साच्याला लागलं. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर घट्ट होणारं सिलिकॉन गंधकाशी संबंध आला की घट्टच होत नाही. दोन दिवसांनीही ते बोटांना चिकटत होतं. (ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमधले असले बग मी पाच मिनिटांत पकडते.)

शेपटीत दोन्ही पाय एकत्र बांधलेले असतात. ताकद कंबरेतून लावायची, टोकाचं पॉलीकार्बोनेटचं फिन पुढचं काम करतं. लाइफगार्ड असतोच, तरी बाबा काठावर मोबाइलचं स्टॉपवॉच लावून उभे राहतात. "पंचेचाळीसच्या वर गेलीस तर मी उडी मारणार." बाबांना पोहता येत नाही.

'कालिया मर्दन' मी पाहिला तो याच काळात, आणि खरं तर चुकीच्या कारणासाठी. १९१९चा मूकपट, नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा, दिग्दर्शक दादासाहेब फाळके. आपल्याच गावच्या लोकांनी पाण्यातला प्राणी कसा बनवला, एवढंच मला बघायचं होतं. त्या बाबतीत निराशा झाली. साप बनवलेला आहे हे लगेच कळतं, आणि पाण्याखालच्या झुंजीत पाण्याचा विरोध कुठे जाणवत नाही. पाण्यात हात इतक्या सहज फिरत नाही, हे मी आता खात्रीने सांगू शकते.

कारागिरीच बघायची तर १९८४चा 'स्प्लॅश' बघावा. डॅरिल हॅना रॉबर्ट शॉर्ट यांनी बनवलेली शेपटी घालून त्यात स्वतः पोहली आहे, आणि ती शेपटी आजही अव्वल वाटते. फ्लोरिडातल्या वीकी वाची झऱ्यात तर १९४७पासून जलपऱ्यांचे खेळ होतात. तिथल्या बायका नळीतून हवा घेतात, नळी बाजूला करतात आणि प्रेक्षकांकडे बघून हसतात. सगळी कला त्या हसण्यात आहे. श्वास संपत आलाय हे दिसता कामा नये.

फाळके नेमकं उलट करतात. झुंज चालू असताना ते पुन्हा पुन्हा काठावर जातात. तिथे गोकुळातली माणसं आक्रोश करतायत. त्यांचा अभिनय भडक आहे, नाटकी आहे. पण मूल पाण्याखाली आहे आणि वर काही दिसत नाही, ही वेळ किती लांबते ते त्या काठामुळेच कळतं. साप खोटा असूनही माझ्या पोटात गोळा आला, आणि तो काठ बघूनच आला.

त्यातही एक गोष्ट मला सोडत नाही. कृष्ण झालीय ती सात वर्षांची मंदाकिनी, फाळक्यांची मुलगी. सिनेमा सुरू होतो तोच तिच्या चेहऱ्यावरून. साध्या वेशात ती एकेक भाव करून दाखवते आणि मग आपल्या डोळ्यांदेखत कृष्ण होते. म्हणजे हे सोंग आहे, ही आमची पोर आहे, हे बाप आधीच सांगून टाकतो. काहींना हा प्रकार बाळबोध वाटेल. मला वाटतं, पुढची भीती त्यामुळेच खरी होते. पाण्यात देव उतरलाय हे गोष्टीपुरतं, आपण बघतो ती सात वर्षांची पोर.

माझ्या क्लिप मी आजवर काठ कापूनच टाकत आले. फक्त निळं पाणी, खवले आणि वरून संगीत. गेल्या रविवारच्या क्लिपमध्ये मी वर येते तेव्हा बाबांचा आवाज आहे, "अडतीस... पुरे गं आता." या वेळी संगीत लावलेलं नाही.