आकृती आणि अक्षर

वाक्यरचनेचे वृक्ष सादरीकरणाच्या पडद्यावर मांडताना प्रत्येक चौकट हाताने न काढता ती आज्ञावलीकडून काढून घेण्याची सोय ‘पायथॉन-पीपीटीएक्स’ या लायब्ररीने करून दिली आहे. तिच्यातील ‘अ‍ॅड_शेप’ ही आज्ञा पाच पदांची आकांक्षा असलेल्या क्रियापदासारखी वागते : आकृतीचा प्रकार, डावीकडील अंतर, वरचे अंतर, रुंदी आणि उंची. यांपैकी एकही गाळता येत नाही. अंतर्गत एककाचे इंचाला ९,१४,४०० आणि सेंटिमीटरला ३,६०,००० भाग पडतात; त्यामुळे दोन्ही मापे पूर्णांकात बसतात. भूमितीपुरती ही व्यवस्था चोख आहे, हे मान्य केले पाहिजे.

चौकटीत मराठी शब्द घातला की मात्र उणीव दिसू लागते. ‘फॉन्ट.नेम’ या नावावरून कोणत्याही लिपीचा टंक तेथे ठरत असावा, असा समज होतो. वस्तुतः फाइलमध्ये लॅटिन, पूर्व आशियाई आणि देवनागरीसारख्या जटिल लिपी यांच्या टंकांसाठी निरनिराळे रकाने आहेत. हे नाव त्यांपैकी केवळ लॅटिन रकाना भरते. परिणामी ‘कर्ता’ हा शब्द आपण निवडलेल्या टंकात न उमटता भलत्याच टंकात उमटू शकतो आणि नेमून दिलेल्या रुंदीचा हिशेब चुकतो. ‘सीएस’ हा रकाना एक्सएमएलमध्ये उतरून स्वतःच भरावा लागतो.

हे काम दोन-तीन ओळींचेच आहे. आक्षेप श्रमांविषयी नाही, नामकरणाविषयी आहे. विशेषाला सामान्याचे नाव दिले की वगळलेले दिसेनासे होते. लायब्ररी मुक्तस्रोत असल्याने दुरुस्तीची वाट मोकळी आहे; ती सुचविण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांनीच करावयास हवे.