‘गँग्ज ऑफ वासेपूर’ : घराण्याचा वारसा आणि युद्धाच्या खुणा

अनुराग कश्यप दिग्दर्शित ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ (2012) हा दोन भागांचा, पाच तासांहून मोठा चित्रपट आहे. कथा धनबादच्या कोळसा पट्ट्यातली. पण तिच्यातल्या वैराचे दोन महत्त्वाचे धागे वाराणसीत आहेत. या टिपणात आपण एकच प्रश्न घेऊ : या चित्रपटात वारसा म्हणून नेमके काय पुढच्या पिढीकडे जाते?

1. घर हेच रणांगण

पहिल्या भागाची सुरुवात आठवा. दूरदर्शन संचावर ‘क्यूँकि सास भी कभी बहू थी’ चालू आहे. सुखी एकत्र कुटुंबाचे ते चित्र गोळ्यांनी फुटते आणि बंदूकधारी खऱ्या घराला वेढा घालतात. कुटुंब आणि युद्ध या दोन गोष्टी इथे वेगळ्या राहत नाहीत, हे सूत्र सुरुवातीलाच मांडले जाते.

2. छत्री आणि मुंडण

रामाधीर सिंहची छत्री नासिरला दाराशी सापडते आणि शाहिद खानचे बोलणे चोरून ऐकले गेल्याचे त्याला कळते. शाहिदला मात्र कामाच्या बहाण्याने वाराणसीला पाठवून मारले जाते. त्याचा मुलगा सरदार डोके भादरतो आणि सूड पूर्ण होईपर्यंत केस न वाढवण्याची शपथ घेतो. द्रौपदीच्या मोकळ्या केसांची कथा तुम्हाला आठवेल. फरक असा, की सरदारची शपथ जमीन, खंडणी आणि कोळसा यांच्या धंद्यात मिसळून जाते. मुंडण राहते, पण लढाईचे कारण बदलते.

3. वाराणसीचे वर्तुळ

सरदारचा मुलगा फैजल हत्यारे आणायला वाराणसीला जातो आणि परतताना पकडला जातो. सुटल्यावर तो खबर देणाऱ्या हत्यार-विक्रेत्याला मारतो. हा विक्रेता म्हणजेच शाहिदचा मारेकरी यादव. म्हणजे आजोबांच्या खुनाचा हिशेब नातू चुकता करतो, तोही दुसऱ्याच कारणासाठी. ज्या बापाने शपथ घेतली, त्याच्या हातून ते घडत नाही. माझ्या मते चित्रपटातले सर्वांत नेमके भाष्य हेच आहे. यंत्रशास्त्राच्या भाषेत, गतिपालचक्राला एकदा वेग मिळाला की जोर काढून घेतल्यावरही ते काही काळ फिरतच राहते. हे वैर तसेच आहे.

4. मर्यादा

फैजल रामाधीरला गोळ्यांनी चाळण करून मारतो, तो प्रसंग पाहताना आपण टाळ्या वाजवतो. हिंसेवर टीका करणारा चित्रपट इथे हिंसेच्या नशेत सापडतो. पण लगेच पुढे फैजलला मारणारा डेफिनिट हा त्याचाच सावत्र भाऊ निघतो. शेवटी उरतात मोहसिना, तिचा लहान मुलगा आणि वृद्ध नासिर, तेही वासेपूरपासून दूर, मुंबईत. या घराण्यातल्या या मुलासाठी गाव सोडणे हीच वाट उरली.

समाजमाध्यमांवर या चित्रपटातले बदल्याचे संवाद तुम्ही हौसेने पाठवता. पुढच्या वेळी पाठवण्याआधी त्या मुलाचा विचार करा. त्याला वारशात काय मिळायला हवे?

स्वाध्याय

1. नग्मा आणि मोहसिना या वैराची किंमत कशी मोजतात?
2. रामाधीर सिनेमा पाहत नाही आणि फैजल अमिताभचा भक्त आहे. या विरोधाचा अर्थ लावा.